एका सहीवाचून अडलेलं इंजेक्शन

इंदूरच्या आयसीयूत दहा वर्षं काढलेली सिस्टर इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात येते, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होते, नर्स म्हणून नोंदणीचा पिन नंबर मिळतो, आणि तरीही शिरेतून (आयव्ही) साधं अँटिबायोटिक द्यायची तिला परवानगी नसते. जिला न दिसणारी शीरही बोटाला लागते, तिने दुसरीला हाक मारायची आणि बाजूला उभं राहायचं. पहिल्यांदा हे ऐकून डोकं फिरतं.

नियम मात्र चुकीचा नाही. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिकच घ्या: मिनिटाला 10 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे 1 ग्रॅमला किमान 100 मिनिटं. घाईत सोडलं तर पेशंट लालबुंद होतो, प्रेशर पडतं. म्हणून ऑनलाइन धडे, डोसाची गणितं, आणि मग कुणाच्या तरी नजरेखाली ठरावीक वेळा औषध देऊन वर्कबुकात सह्या. किती वेळा, ते प्रत्येक ट्रस्ट, म्हणजे हॉस्पिटल चालवणारी सरकारी संस्था, आपलं ठरवतो. बघणारी बघते ते हे: ॲलर्जी विचारली का, मनगटावरच्या पट्ट्याशी नाव-जन्मतारीख ताडली का, व्हायलची एक्सपायरी पाहिली का, कशात पातळ केलं, आधी-नंतर सलाइनने नळी धुतली (फ्लश) का. आपल्या मुलींना यातलं अवघड काहीच नाही.

अडतं ते सहीपाशी. सही करू शकणाऱ्या वॉर्डात दोघी-तिघी. एकीला नेहमी नाइट, दुसरी म्हणते "पुढच्या आठवड्यात नक्की", तिसरी हसून म्हणते "आज फार गडबड आहे गं". आवाज चढत नाही, शब्द वावगा नाही. तीन महिने जातात. दोनचा डोस पावणेतीनला जातो, कारण देणारी मिळालीच नाही; आणि उशीर नोंदला जातो हिच्या बेडसमोर. मग मॅनेजरच्या खोलीत "तुझी गती थोडी कमी वाटते". बरोबर आलेल्या गोऱ्या मुलीचं वर्कबुक तोवर भरलेलं असतं.

आपल्याकडे मोठ्या सिस्टर नातेवाइकांसमोर झापतात आणि तासाभराने डब्यातले पोहे पुढे करतात. हे मी जरा गोड करून सांगतेय, कळतं मला. त्या झापण्यापायी नोकरी सोडलेल्याही आहेत. पण तिथे निदान शत्रू कोण ते समजतं. इथे मुलगी स्वतःलाच मठ्ठ समजायला लागते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये जेवायला जात नाही, कारण मागे पडायची भीती. सहा तासांच्या वर काम असेल तर 20 मिनिटं सुट्टी कायद्याने आहे. ती रोज बुडवण्यापासून बर्नआउट सुरू होतं. आधी थकवा, मग पेशंट म्हणजे नुसता बेड नंबर, शेवटी "मला काही येतच नाही". बर्नआउट मोजायच्या, मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांच्या मोजपट्टीतले तीन भाग हेच.

म्हणून इंदूरच्या रामबागेतून, लोकमान्य नगरातून निघालेल्या पोरींनो, पहिल्याच आठवड्यात नर्सना शिकवणाऱ्या प्रॅक्टिस एज्युकेटरकडून सही करणाऱ्यांची यादी लेखी मागा. मग रोस्टर उघडून आपल्या आणि त्यांच्या शिफ्ट जुळतात ते दिवस हेरा आणि त्या तारखांसाठी आधीच मेल टाका. तोंडी मागितलेलं कुणाला आठवत नाही. नकार आला की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल: तारीख, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. "ती माझा छळ करते" असं त्यात लिहू नका. "चार वेळा विचारलं, या तारखांना, सही झाली नाही" असं लिहा. डोसाला उशीर झाला तर डेटिक्स, म्हणजे घडलेली चूक नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म, भरा, कारणात "आयव्ही देणारी नर्स उपलब्ध नव्हती" एवढंच. चार डेटिक्स झाले की तुमची गती राहते बाजूला, प्रश्न वॉर्डाचा होतो.

मॅनेजरच अडवत असेल तर अशा तक्रारी ऐकायला फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन असतात. सरकारी हॉस्पिटलांत तक्रार करणाऱ्यांचं काय होतं ते तपासणाऱ्या 2015 च्या फ्रान्सिस अहवालानंतर प्रत्येक ट्रस्टमध्ये नेमलेले. युनियनमध्ये रुजू होतानाच नाव घाला. भांडण लागल्यावर घेतलेलं सदस्यत्व जुन्या प्रकरणाला सहसा उपयोगी पडत नाही. आणि तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. ही धमकी कुणी दिलीच, तर तीही तारखेसकट लिहून ठेवा.

"एवढं आहे तर परत ये ना", हे इंदूरहून येतंच. तिथे तक्रार करायची तर बहुतेकदा जिच्याबद्दल आहे तिच्याचकडे. इथे निदान दुसरं दार आहे, ढकलून उघडावं लागलं तरी.

वर्कबुकची पानं हरवतात, फार सोयीस्करपणे हरवतात. प्रत्येक सहीनंतर पानाचा फोटो काढा. फक्त पेशंटचं नाव किंवा नंबर त्यात येऊ देऊ नका, नाहीतर चौकशी उलट तुमच्यावर बसते.