डाव्या कोपऱ्यातला सूर्य

पडद्यावरच्या अक्षराला जाडी नसते. कितीही झूम करा, हाती लागतात ते रंगीत चौकोनच. तरीही फोटोशॉप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच अक्षराला ‘बेव्हल अँड एम्बॉस’ हा उठाव देणारा इफेक्ट दिला की ते टचकन वर येतं. त्यावरून बोट फिरवून पाहावंसं वाटतं. यासाठी सॉफ्टवेअर जे करतं ते तसं किरकोळच आहे. ज्या कडांची तोंडं वर आणि डावीकडे आहेत त्या उजळायच्या, खाली-उजवीकडच्या काळवंडवायच्या. पुढचं सगळं काम आपले डोळे फुकटात करतात.

त्याच खिडकीत ‘डिरेक्शन’ नावाचा एक साधा पर्याय असतो: अप किंवा डाउन. डाउन केलं की उजळ आणि काळ्या कडांची अदलाबदल होते आणि फुगलेलं अक्षर क्षणात कोरीव होऊन आत जातं. हातातलं काम बाजूला ठेवून मी हे वर-खाली करत बसतो. कारण अक्षर जागचं हललेलं नसतं, हे ठाऊक असूनही डोळे दर वेळी फसतात.

फसतात, कारण उजेड वरूनच येणार हे मेंदूनं धरूनच ठेवलेलं आहे. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या करड्या छटांच्या गोलांवर हे दाखवलं. वरची बाजू उजळ असलेला गोल फुगीर दिसतो, खालची उजळ असलेला खड्डा वाटतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की विवरांच्या टेकड्या होतात त्या यामुळेच. आणि हे ‘वर’ आकाशाचं नसून आपल्या डोक्याचं असतं! ओणवं होऊन पडद्याकडे उलटं पाहिलं, तर उठाव आणि खड्डे आपापसात जागा बदलतात. (करून पाहायचं तर दार लावून पाहावं.)

बरं, वरून हे समजलं, पण डावीकडून का? जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना या संशोधकांना १९९८ मध्ये आढळलं, की लोकांच्या मनातला सूर्य बरोबर डोक्यावर नसतो, किंचित डावीकडे कललेला असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रकाशाचा कोन आधीपासूनच १२० अंशांवर असायचा. कोन ठरवायच्या चकतीवर ९० म्हणजे थेट वर, म्हणजे १२० हा तिथून थोडा डावीकडे. नकाशे करणारेही याच कोपऱ्याचे भक्त. डोंगररांगांना उठाव देताना ते उजेड वायव्येकडून, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेल्या ३१५ अंशांवरून पाडतात. उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच भागात सूर्य त्या दिशेला फारसा वर कधी येतच नाही. पण खऱ्या दिशेनं, दक्षिणेकडून उजेड आलेले उपग्रहाचे फोटो पाहिले, की दऱ्या डोंगरांसारख्या दिसू लागतात. तेव्हा खोटा सूर्यच बरा.

एवढं सगळं असताना लोक एकाच चित्रात दोन सूर्य ठेवतात, हे मला सोसत नाही. शीर्षकाची सावली उजवीकडे, खालच्या ओळीची डावीकडे. सगळीकडे एकाच दिशेचा उजेड ठेवणारा ‘यूज ग्लोबल लाइट’ हा चौकोन टिकमार्कसह आयता समोर असतो, तरी कुणीतरी ती टिक काढून टाकतं. दुसरी खोड सावलीच्या रंगाची. आयता मिळतो तो काळा, आणि काळी सावली रंगीत पार्श्वभूमीवर मळल्यासारखी दिसते. पार्श्वभूमीचाच रंग गडद करून वापरला की अक्षर त्या जागेचं वाटतं. सावली जितकी लांब आणि पुसट, तितकं अक्षर पृष्ठभागापासून उंच. लांब पण धारदार कडेची सावली म्हणजे धड इकडे ना तिकडे.

खरी जाडी हवी असेल तर जुनी युक्ती अजून चालते. मूव्ह टूल घ्यायचं, ऑल्ट दाबून बाणाची कळ दाबत राहायचं. दर दाबेला लेअरची, म्हणजे अक्षराच्या थराची, एक प्रत एक पिक्सेल सरकून तयार होते. सगळ्यात वरची सोडून बाकीच्या एकत्र करायच्या, गडद करायच्या, झाली भिंत. मध्यंतरी यासाठी मोठी यंत्रणाही आली होती. फोटोशॉपच्या २०१० च्या सीएस५ एक्स्टेंडेड आवृत्तीत ती ‘रेपूसे’ नावानं होती, पुढे तिचं ‘थ्रीडी एक्स्ट्रूजन’ झालं. तिथे अक्षर खरंच फिरवता यायचं, दिवे हलवता यायचे, आणि रेंडर होईपर्यंत, म्हणजे संगणक अंतिम चित्र तयार करेपर्यंत, निवांत बसताही यायचं. २०२१ पासून अडोबीनं फोटोशॉपमधली ही थ्रीडीची बाजू काढून घ्यायला सुरुवात केली. बाणाची कळ मात्र जागेवर आहे.

हे सगळे धडे बहुतेक रोमन अक्षरांवर दिलेले असतात आणि देवनागरीवर करून पाहिले की गंमत होते. बेव्हलमध्ये आडव्या रेषेची वरची कड उभ्या रेषांच्या कडांपेक्षा उजळ आणि खालची जास्त काळी होते, कारण वरची प्रकाशाला जास्त सामोरी असते आणि खालची जास्त पाठमोरी. रोमन शब्दात अशा रेषा तुटक असतात. आपल्याकडे शिरोरेखा शब्दभर पसरलेली, त्यामुळे ती छज्जासारखी पुढे येते आणि खालची अक्षरं बिचारी अंधारात. अशा वेळी मी कोन १५० पर्यंत नेतो. उजेड बाजूनं आला की शिरोरेखा नरमते आणि काने, गाठी, वळणं उठून दिसतात. ‘साइझ’, म्हणजे कडेच्या उताराची रुंदीही, हात आखडूनच वाढवावा. रेषेच्या अर्ध्या जाडीपलीकडे गेलं की दोन्ही उतार मध्ये भेटतात, सपाट माथा उरतच नाही. ‘क्ष’ किंवा ‘ण’मधल्या फटी तर सावलीनं आधीच बुजलेल्या असतात.

खरी पंचाईत जमिनीवर पडणाऱ्या सावलीची. रोमन अक्षरं ओळीवर उभी असतात, त्यांच्या पायापासून सावली तिरकी ओढली की छान बसते. देवनागरी अक्षरं वरून लोंबतात. ‘ग’चा काना खालपर्यंत पोचतो, ‘ट’ नि ‘ड’ आपल्या गोलाईवर कसेबसे टेकतात, आणि ‘कु’चा उकार तर सरळ फरशीत घुसतो. ती सावली कितीही नीट काढली तरी शब्द पडायला आलेला दिसतो. म्हणून मी अशा शब्दांना फरशी देतच नाही, मागे भिंत देतो. शिरोरेखेला तिथं टांगून घेता येतं, आणि उकारालाही खाली लोंबायला मोकळी जागा मिळते.