तुम्ही विचारलंत म्हणून: नफा होत असताना का थांबलो?

धंदा ऐन भरात असताना तो का सोडला, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत कुठेही विचारला जातो, आणि मी कुठेतरी जबर बुडालो असणार, अशी विचारणाऱ्याची बहुधा खात्री असते. मी बुडालो नव्हतो. बुडालो असतो तर कदाचित थांबलोही नसतो, कारण तोटा भरून काढायचा आहे, हे निमित्त व्यसनी माणसाला जन्मभर पुरते.

लातूरच्या बाजारात माझी आडत होती. शेतकऱ्याचा माल सौद्यात लावायचा आणि कमिशन घ्यायचे, यात नशा नाही. नशा चढली ती स्वतःसाठी माल धरून ठेवू लागलो तेव्हा. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. त्या मालाचा सरकारी हमीभाव होता 3,880 रुपये. माझा माल मी 9,800 ला विकला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदामुळे नव्हे, तर वरचे दोनशे हातचे सुटले म्हणून.

त्याच वर्षी डिसेंबरात बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आज होणारे फ्युचर्स सौदे, बंद केले, तेव्हा मी शेअर बाजाराच्या ऑप्शनकडे, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावण्याच्या सौद्यांकडे वळलो. पुढे आई गेली. दहाव्याला मांजरेच्या काठी धाकटा भाऊ विधी करत होता, पिंड मांडून झाले होते आणि सगळे कावळ्याची वाट पाहत होते. सव्वानऊला बाजार उघडला तसा मी उपरण्याआड फोन काढला. कावळा शिवला तेव्हा माझा अंगठा विक्रीच्या बटणावर होता. शेजारी उभे असलेले मामा हळूच म्हणाले, "अरे, हात तरी जोड." त्या सौद्यात मला अकरा हजार मिळाले. ते कशावर खर्च झाले, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा झालेच नाहीत, पुढच्या सौद्यात गेले.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 2013 पासून जुगाराचे वेड दारूच्या व्यसनाशेजारी बसते. पैशाच्या हव्यासाला तिथे जागा नाही आणि आजाराचे नाव घेऊन स्वतःची सुटका करून घेण्याची माझी इच्छाही नाही. पण सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक तरीही खेळत राहिले, हे वाचून मला जराही नवल वाटले नाही. दारुड्याला निदान गल्ली नावे ठेवते. मला गणेश मंडळाचे अध्यक्ष करत होते.

वर्षश्राद्धानंतर मी आडत पुतण्याच्या हवाली केली आणि फोनमधले ते अ‍ॅप काढून टाकले. परवा त्याने सहज विचारले, "काका, आज सोयाबीन काय निघालं असेल?" मला माहीत नाही, असे मी म्हणालो. भाव मला रुपयापर्यंत पाठ होता.