साउथ डकोटातील फेझंट आणि त्याला जगवणारे गवत : चार दिवसांच्या शिकारीचा वृत्तांत

मिनिॲपोलिसहून पश्चिमेकडे निघालेला 12 क्रमांकाचा महामार्ग सुमारे साडेचारशे किलोमीटरनंतर साउथ डकोटातील ॲबरडीनला पोहोचतो. शेवटच्या दोन तासांत मका, सोयाबीन आणि अधूनमधून पाण्याने भरलेले खळगे यांखेरीज फारसे काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, माझ्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची लॅब्रॅडोर कुत्री यांच्यासोबत मी फेझंटच्या शिकारीसाठी तेथे गेलो. मुक्काम ॲबरडीनला होता आणि फिरणे दक्षिणेकडील स्पिंक काउंटीत.

फेझंट हा मोर आणि तित्तर यांच्याच कुळातील पक्षी असून तो मूळचा आशियातील आहे. साउथ डकोटात त्याचा जम बसला तो विसाव्या शतकाच्या आरंभी रेडफील्ड गावाजवळ. 1919 मध्ये याच स्पिंक काउंटीत राज्यातील पहिला शिकारीचा हंगाम झाला, आणि तो एकाच दिवसाचा होता. 1943 पासून हा परदेशी पक्षी राज्यपक्षी आहे.

पहिल्या दिवशी आम्ही कापणी झालेल्या मक्याच्या खुंटांतून तीन तास चाललो आणि आम्हाला एकही नर दिसला नाही. दाणे मुबलक सांडलेले होते, परंतु लपायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने आपल्या शेतात जाण्याची परवानगी दिली. तेथे कमरेएवढे देशी गवत होते, त्याला लागून पाणकणसांनी भरलेला खळगा होता आणि पलीकडे उभी ज्वारी होती. अर्ध्या तासात तेथून वीसहून अधिक पक्षी उठले. मादी मे-जूनमध्ये जमिनीवर, गवताच्या आडोशाने अंडी घालते आणि सुमारे 23 दिवस उबवते. त्या काळात गवत कापले गेले तर घरटे जाते आणि कित्येकदा मादीही जाते. पिलांना पहिले काही आठवडे किडे लागतात, आणि ते फुलझाडे मिसळलेल्या गवतात मिळतात. हिमवादळात मात्र जीव वाचतो तो पाणकणसांच्या दाट बेटात. यांपैकी एक जागा जरी नसली, तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही.

ते गवत शेतकऱ्याने केवळ हौसेने राखलेले नव्हते. 1985 च्या शेती कायद्याने सुरू झालेल्या ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’मध्ये सरकार 10 ते 15 वर्षांच्या कराराने जमिनीचे वार्षिक भाडे देते आणि शेतकरी तेथे पीक न घेता गवत राखतो. 2007 मध्ये देशभरात अशी साडेतीन कोटींहून अधिक एकर जमीन होती. पुढे मक्याचे भाव चढले, करार संपले आणि पुष्कळ गवत नांगराखाली गेले. 2018 च्या कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा 2 कोटी 70 लाख एकरांची आहे. आमच्या यजमानाचा करारही लवकरच संपणार होता. भाडे आणि मक्याचे उत्पन्न यांतील फरक त्यांनी आम्हाला कागदावर मांडून दाखवला, तेव्हा त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान मला तेथे वारंवार आठवत होते, कारण आपल्याकडेही गवताळ जमीन सरसकट ‘पडीक’ समजली जाते.

आता जाणाऱ्यांसाठी. हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. आम्ही गेलो तेव्हा सकाळी 10 ते सूर्यास्त ही वेळ आणि दिवसाला तीन नर ही मर्यादा होती. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून केवळ नर मारल्याने पुढील विणीला धक्का लागत नाही. नराचा रंग स्पष्ट दिसेपर्यंत बंदूक उचलू नये. परराज्यातील शिकाऱ्यांना मिळणारा परवाना पाच-पाच दिवसांच्या दोन तुकड्यांत वापरता येतो. एच-1बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा तिला अपवाद आहे, त्यामुळे परवाना हाती आल्याखेरीज बंदुकीला हात लावू नये. सरकारी पाणथळ राखीव क्षेत्रांत शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी घ्यावेत. शिकारीसाठी सर्वांना खुली असलेली ‘वॉक-इन’ क्षेत्रे ही बहुतांशी खाजगी जमीन असून तेथे पायीच जावे लागते.

वाऱ्याच्या तोंडी चालावे, म्हणजे कुत्र्याला वास येतो. गाडीचे दार आपटू नये. फेझंट उडण्याआधी पळतो, म्हणून शेताच्या दुसऱ्या टोकाला दोघे उभे ठेवून मगच हाका घालावा, आणि सर्वांनी भगवी टोपी व जाकीट घालावे. तिसऱ्या दिवशी मी लांबून घाईने गोळी झाडली आणि जखमी नर पाणकणसांत पडला. कुत्रीसह आम्ही पाऊण तास शोधले, तरी तो सापडला नाही. तो मी त्या दिवशीच्या माझ्या तिनांत मोजला आणि त्यानंतर तीस पावलांपलीकडे नेम धरला नाही.

मारलेला पक्षी नेण्यापूर्वी साफ करताना डोके, पाय किंवा पिसे तशीच ठेवावीत, कारण तपासणीत नर ओळखता यावा लागतो. निघण्याच्या सकाळी आम्ही साफ केलेले दोन पक्षी यजमानांच्या घरी दिले आणि पुढील वर्षी गवत राहिले तर येण्याचे कबूल केले.