छापील किमतीच्या वर

एफ-१२ आणि एफ-१३. या दोन खुर्च्यांसाठी त्या संध्याकाळी तीन जोडपी आली होती आणि तिघांकडेही तिकीट होतं. वडगावात माग चालवणारा एक तरुण बायकोला घेऊन सगळ्यांत आधी पोचला. त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर स्कॅन झाला, हिरवी खूण आली आणि दोघं आत जाऊन बसले. मागून खानापूरचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आल्या, तर लाल खूण. त्यांच्यापाठोपाठ चंदगडहून आलेलं जोडपं, पुन्हा लाल. डोअरकीपर पोरगा माझ्याकडे पळत आला. "दादा, एकाच तिकिटाचे तीन मालक झालेत, चला लवकर."

पहिली घंटा होऊन गेली होती.

पुण्या-मुंबईच्या नाटकांचे प्रयोग बेळगावात लावणं हा माझा व्यवसाय. दौऱ्यावरचं नाटक सांगली-कोल्हापूरपर्यंत सहज येतं. तिथून पुढचे शंभरेक किलोमीटर त्याला आणायचं तर निर्मात्याशी बोलून नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ठरवा, नाट्यगृहाची तारीख धरा, पोलिसांची परवानगी काढा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, कलाकारांची लॉजवर सोय बघा, सेटचा टेम्पो राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकला तर रात्री-अपरात्री फोन करा, असं सगळं आलं. एवढं करून गाठीला फार काही लागत नाही. पण पडदा वर जातो तेव्हा सहाशे-सातशे माणसं एकाच वेळी मराठी ऐकत बसलेली असतात, आणि आमच्या गावात हे दृश्य दर आठवड्याला दिसणारं नाही. म्हणून मी हे करतो.

त्या प्रयोगाचा दर मी २००, ३०० आणि ४०० असा ठेवला होता. नाटकात टीव्हीवरचा एक लोकप्रिय चेहरा होता, त्यामुळे गर्दी होणार हे ठाऊक होतं. तिकीट ८०० केलं असतं तरी नाट्यगृह भरलं असतं, हेही ठाऊक होतं. निर्माता आणि मी फोनवर त्यावर बोललो आणि दोघांनीही ते नको म्हटलं. आमचा प्रेक्षक कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथून येतो. गावोगावच्या साहित्य संमेलनांत मांडवाखाली बसून दिवसभर भाषणं ऐकणारी ही माणसं. घरातले चौघं नाटकाला निघाले की तिकिटं, परतीची रिक्षा आणि मुलांचं खाणंपिणं धरून दोन हजारांचा खर्च असतो. तिकीट दुप्पट केलं तर चौघांतले दोघं घरी राहतात, आणि ते दोघं म्हणजे बहुतेक वेळा आई आणि मुलगी.

प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, त्या सकाळी निम्मी तिकिटं ऑनलाइन होती, निम्मी खिडकीवर. ऑनलाइनची चहा पिऊन होईपर्यंत संपली. खिडकीवर पहाटेपासून रांग होती. माणशी चार असा नियम लावलेला, तरी रांगेत काही पोरं अशी होती की तिकीट घेऊन झालं की ती मागे जाऊन पुन्हा उभी राहत. बुकिंगवर बसणाऱ्या आमच्या काकांनी एकदोघांना हटकलं, तर "घरच्यांसाठी घेतोय" हे उत्तर ठरलेलं. दोन दिवसांनी अनगोळच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. "दादा, तुमची चारशेची तिकिटं बाहेर दीड हजाराला विकूलालेत ओ. आम्ही काय करायचं?" त्यांना द्यायला माझ्याकडे तिकीट नव्हतं आणि उत्तरही नव्हतं.

आता दारात हे गुरुजी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात बाईंची पर्स. दोन तिकिटांचे त्यांनी तीन हजार मोजले होते. लग्नाचा वाढदिवस होता, असं बाईंनी हळूच सांगितलं. गुरुजी चिडलेले नव्हते. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "माझ्याकडे पैसे दिल्याचा मेसेज आहे हो, दाखवू का?" चंदगडचा गृहस्थ मात्र भडकला होता, आणि त्याचं भडकणं रास्त होतं. चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर बायकोला घेऊन तो राज्याची हद्द ओलांडून आला होता, आणि इथे त्याला परत जा म्हणत होते.

आत डोकावलो तर दुसऱ्याच गोष्टीनं पोटात कालवलं. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लावलेला आणि तिसऱ्या, चौथ्या रांगेत मधल्या मध्ये खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे रिकामे. ती सगळी विकली गेलेली तिकिटं होती, फक्त ज्यानं घेतली त्याला शेवटपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. दीड हजाराला दहा गेली की त्याचे पस्तीसेक तिकिटांचे पैसे सुटतात, उरलेली वाया गेली तरी त्याला फिकीर नसते. नटाला मात्र रंगमंचावरून त्याच रिकाम्या खुर्च्या दिसत राहतात. आणि अनगोळच्या त्या बाई त्या वेळी घरी होत्या.

त्या दोन्ही जोडप्यांना मी म्हटलं, तिसरी घंटा होऊ दे, त्यानंतर दहा मिनिटं थांबू, तोवर कुणी आलं नाही तर त्या खुर्च्यांवर तुम्हाला मी स्वतः नेऊन बसवतो. गुरुजींच्या पत्नी तेवढ्यात रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, हाच तो पोरगा." समोरच्या पानपट्टीजवळ एक विशीतला मुलगा अजून मोबाइल दाखवून तिकिटं विकत उभा होता.

आमच्या कार्यकर्त्यांनी त्याला धरून आणलं. दारातल्या गर्दीचा हात त्याच्यावर पडणार होता, म्हणून मी त्याला ऑफिसात घेतलं आणि बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांना बोलावलं. मुलगा घाबरलेला होता, पण बोलण्यात ठाम होता.

"काका, मी चोरी केलेली नाही. पैसे देऊन घेतलं, पैसे घेऊन विकलं. ज्याला परवडत नाही त्यानं घेऊ नये की ओ. कुणाच्या हाताला धरून मी विकत नाही."

"एकच तिकीट तिघांना विकलंस ते?"

"ते मला माहीत नाही. मला व्हॉट्सअॅपवर येतंय, मी पुढं पाठवतोय. एका तिकिटामागं मला शंभर मिळतात. खरं पैसे माझ्या नंबरवर येत नाहीत, बघा की."

खरोखरच पैसे दुसऱ्याच नंबरवर गेले होते. गुरुजींच्या मेसेजमध्ये तो नंबर होता.

हवालदार शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "एक तिकीट तिघांना विकलं, ही फसवणूक. तक्रार लिहून द्या, घेतो. पण चारशेचं दीड हजाराला विकलं, एवढ्यावर मी काय लिहू, सांगा." वडगावचा तो माग चालवणारा तरुण आत हिरव्या खुणेवर बसला होता. त्यानंही प्रत्येकी दीड हजारच दिले होते. हवालदारांच्या हिशेबात त्याच्या बाबतीत काही घडलेलंच नव्हतं. माझ्या हिशेबात तोही तेवढाच लुटला गेला होता.

तिसऱ्या घंटेनंतर दहा मिनिटांनी मी दोन्ही जोडप्यांना चौथ्या रांगेत नेऊन बसवलं. अंधारात गुरुजींनी माझा हात दाबला. मला त्याचा आनंद झाला नाही. तीन हजार गेलेला माणूस माझे आभार मानत होता.

मध्यंतरात प्रेक्षकांतले एक परिचयाचे वकील ऑफिसात आले. त्यांनी मला सगळी मांडणी समजावली. बनावट किंवा दुबार तिकीट विकणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या चारशेवीसमध्ये बसतं. रेल्वेच्या तिकिटांचा परवान्याशिवाय धंदा करणाऱ्याला रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ नं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नाटक, मैफल, सामना यांची तिकिटं चढ्या भावानं पुन्हा विकण्याविरुद्ध देशभर लागू होईल असा स्वतंत्र कायदा नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांच्या वेळी अडीच ते पस्तीस हजारांची तिकिटं लाखांच्या भावात विकायला निघाली. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे असं सांगून ती फेटाळली. आयर्लंडनं २०२१ मध्ये ठरावीक कार्यक्रमांसाठी छापील किमतीच्या वर तिकीट विकणं गुन्हा ठरवलं. इंग्लंडात फुटबॉलच्या तिकिटांची परवानगीशिवाय विक्री १९९४ च्या कायद्यानं बंद आहे.

मग वकीलसाहेबांनी मला अडचणीचा प्रश्न विचारला. "तुम्ही तिकीट स्वस्त ठेवलंत, मागणी जास्त होती. मधल्या फरकावर कुणीतरी येणारच. दर वाढवा, म्हणजे तो फरक निदान तुम्हाला आणि कलाकारांना मिळेल."

असं म्हणणारे बरेच भेटतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फरक असला की तो उचलणारा येतो. पण तो फरक आम्ही चुकून रस्त्यावर टाकलेला नव्हता. निर्मात्यानं, कलाकारांनी आणि मी मिळून तो प्रेक्षकाच्या खिशात राहू दिला होता. कडोलीच्या शेतकऱ्यानं दोघांऐवजी चौघांना आणावं म्हणून सोडलेले ते पैसे आहेत. त्या पैशांवर तिसऱ्यानं हात मारला तर त्यानं माझं नुकसान केलं नाही, माझा तर गल्ला पूर्ण भरला होता. त्यानं आम्ही ज्याला दिलं होतं त्याच्याकडून काढून घेतलं. कांदा महाग झाला तर पुढच्या हंगामात जास्त कांदा लावला जातो, बाजार सावरतो. एका संध्याकाळच्या प्रयोगाच्या खुर्च्या वाढत नाहीत. काळाबाजारवाल्यानं एकही नवी खुर्ची आणली नाही, एकाही नटाला एक रुपया दिला नाही, आणि वर भरल्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटावर सरकार जीएसटी घेत नाही. म्हणजे लोकांना नाटक परवडावं म्हणून सरकारनंही आपला वाटा सोडलेला आहे, आणि तोही याच्याच खिशात जातो.

आमच्या चित्रा, ग्लोब, प्रकाश टॉकीजच्या काळातही ब्लॅक चालायचं, हे मला माहीत आहे. जुने लोक त्याच्या आठवणी जिव्हाळ्यानं सांगतात. पण तो माणूस रांगेत घाम गाळायचा, चारदोन तिकिटं घ्यायचा, आणि तिकीट कागदाचं असल्यानं एकच असायचं. आता एक माणूस घरबसल्या वेगवेगळ्या नावांची खाती उघडून रांगच गिळून टाकतो आणि एकाच तिकिटाचे हवे तेवढे स्क्रीनशॉट काढतो.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. आमच्याकडे प्रयोग रद्द होण्याचा धोका कायम डोक्यावर असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या एसटी बस बंद पडल्या, तेव्हा दौऱ्यावरची माणसं कशी आणायची हा प्रश्न आम्हा सगळ्यांपुढे होता. प्रयोग रद्द झाला तर मी पैसे परत करतो, पण छापील किमतीचे, आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याला. दीड हजार मोजलेल्या गुरुजींना त्यातला एक रुपया मिळाला नसता. ते चारशे त्या न दिसणाऱ्या नंबरवाल्याकडे परत गेले असते, दुसऱ्यांदा कमाई म्हणून.

तरीही तिकीट कुणाला देताच येऊ नये अशा कायद्याच्या मी विरोधात आहे. त्याच दिवशी सकाळी निपाणीहून एका बँक कर्मचाऱ्याचा फोन आला होता. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, चार तिकिटं होती, काय करू म्हणून विचारत होता. त्याची चारही तिकिटं आम्ही खिडकीवर परत घेतली आणि दुसऱ्या एका कुटुंबाला तीनशेची तीनशेलाच दिली. तिकिटाचा हात बदलायलाच हवा, लोकांच्या घरी अडचणी येतात. किंमत बदलता कामा नये.

प्रयोग संपल्यावर गुरुजी आणि चंदगडकर दोघांनीही तक्रार लिहून दिली. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि त्या मुलाचा जबाब झाल्यावर त्याला घरी जाऊ द्यावं अशी हवालदारांना विनंती केली. तक्रार त्या मोबाइल नंबरच्या मालकावर झाली आहे. तपास चालू आहे.

आता आमच्या खिडकीवर तिकिटावर नाव लिहिलं जातं, दारात ओळखपत्र बघतो, आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारपर्यंत तिकीट पूर्ण पैशांत परत घेतो. यानं रांग हळू झाली आहे, म्हातारी माणसं कुरकुरतात, आणि ते सोसावं लागतं. पण एकट्या आयोजकानं दारावर उभं राहून हे थांबणारं नाही. म्हणून बेळगाव आणि खानापुरातल्या आम्ही काही आयोजकांनी जिल्हाधिकाऱ्यांना आणि आमदारांना द्यायला कन्नड आणि मराठीत निवेदन तयार केलं आहे. करमणुकीच्या कोणत्याही कार्यक्रमाचं तिकीट छापील किमतीच्या वर विकणं गुन्हा ठरवा, छापील किमतीला किंवा कमीत दुसऱ्याला देण्याची मुभा ठेवा, आणि शिक्षा पानपट्टीजवळ उभ्या असलेल्या पोरापेक्षा ज्याच्या खात्यात पैसे जातात त्याला करा, असं त्यात लिहिलं आहे. पहिली सही खानापूरच्या गुरुजींनी केली. पुढच्या सोमवारी आम्ही ते घेऊन जाणार आहोत.