पंधरा किलोंचा ठराव

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी एका लॅब्राडॉरच्या कानातून गोचीड ओढून काढत होते. फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, रविवारी आमची मीटिंग आहे. तुम्ही फक्त दहा मिनिटं या आणि फ्लॅटमध्ये चालणाऱ्या कुत्र्यांची यादी द्या. बाकी ठराव आम्ही तयारच ठेवलाय."

ठराव असा होता: यापुढे १५ किलोंपेक्षा जास्त वजनाचा कुत्रा सोसायटीत पाळता येणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, चौथ्या मजल्यावरचा कुत्रा दिवसभर रडतो, शेजारच्या काकूंनी लेखी तक्रार दिलीय. हा चौथ्या मजल्यावरचा म्हणजे ब्राऊनी. बीगल, माझाच पेशंट. मागच्याच महिन्यात वजन केलं होतं, १२ किलो. म्हणजे ज्याच्यामुळे ठराव निघाला, तो ठरावातून अलगद सुटणार होता. फोनवर मी हे बोलले नाही. म्हटलं, मीटिंगच्या आधी तासभर येते, मला काकूंना भेटायचंय.

काकू भेटल्या त्या भांडायच्या तयारीत अजिबात नव्हत्या. थकलेल्या होत्या. काकांची बायपास होऊन दोन-अडीच महिने झाले होते. ते आतल्या खोलीत झोपले होते आणि काकू हलक्या आवाजात बोलत होत्या. "भुंकला असता ना, तर मी कानात कापूस घातला असता. हा रडतो हो. भर दुपारी, तोंड वर करून. ह्यांना दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी रडत होता. मी शिकलेली बाई आहे, पण मनात येतंच ना."

येतंच. गावात रात्री कुत्रं रडलं की आमची आजीही उठून बसायची. सोसायटीच्या पत्रात 'ध्वनिप्रदूषण' लिहिलं होतं, पण काकूंची तक्रार आवाजाची नव्हतीच. त्यांना मी बीगल म्हणजे काय ते सांगितलं. इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी ही कुत्री झुंडीनं सोडत. ती वासावर पळायची आणि माणसं मागून पायी यायची. झाडीत कुत्रं दिसायचं नाही, म्हणून वास लागल्यावर लांबलचक गळा काढणारं कुत्रं शिकाऱ्याला हवं असायचं. तसलीच पिल्लं पिढ्यानपिढ्या ठेवली गेली. त्यात हा झुंडीत वाढणारा प्राणी, एकटा राहणं त्याच्या रक्तातच नाही. घरात एकटा पडला की हाक मारत राहतो.

"म्हणजे मुद्दामच तसा तयार केलाय?" काकूंनी विचारलं.

"मुद्दामच."

यानं त्यांचं समाधान झालं असं नाही, पण त्यांनी चहा ठेवला.

ब्राऊनीच्या घरची मंडळी वेगळ्याच अडचणीत होती. दोघं नोकरी करणारी, सकाळी सव्वानऊला निघायची. "आमच्यासमोर तो एकदाही रडत नाही, डॉक्टर. काकू वाढवून सांगतात." असं जवळजवळ प्रत्येक घर सांगतं आणि ते खोटंही नसतं, कारण कुत्रा रडतो तो ती माणसं नसतानाच. म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की शुक्रवारी जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून हॉलमध्ये ठेवा. ते रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. दार लागल्याचा आवाज, मग नखांचा टकटक आवाज, दारापर्यंत आणि परत. थोडा वेळ शांत. मग पहिली हाक. लिफ्ट मजल्यावर थांबली की तो गप्प व्हायचा, दार दुसऱ्याचं उघडलं की पुन्हा सुरू, आधीपेक्षा लांब. दुपारी कामवाल्या मावशी येईपर्यंत हेच. ब्राऊनीची आई (हो, हल्ली कुत्र्याच्या मालकिणीला असंच म्हणतात आणि मलाही सवय झालीय) मधेच उठली आणि तिनं मोबाइल बंद केला.

बीगल का घेतला, असं मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं. आकारानं आटोपशीर, केस आखूड, डोळे असे की पाहणाऱ्यानं विरघळावं, आणि विकणारा म्हणाला असणार की फ्लॅटसाठी एकदम बेस्ट. फ्लॅट म्हटलं की माणसं स्क्वेअर फूट मोजतात आणि त्यात मावेल असा कुत्रा शोधतात, सोफा घेताना शोधतात तसा.

मीटिंग क्लब हाउसमध्ये होती. तीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे पूर्ण वेगात. सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि कोणाची हरकत आहे का विचारलं. मागच्या दारातून मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक कॅप्टन आत आले, त्यांच्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बंडू.

बंडू ग्रेट डेन आहे. वजन ५८ किलो, खांदा माझ्या कमरेच्या वर. तो आला, सभेकडे एकदा पाहिलं, टेबलाखाली शिरला आणि अर्धं अंग बाहेर ठेवून झोपला. पुढच्या रांगेतल्या दोन बायका खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. "हा आपल्याच बिल्डिंगमधला?" कुणीतरी विचारलं. चौदाव्या मजल्यावर तो तीन वर्षं राहत होता. कॅप्टन त्याला पहाटे पाचला आणि रात्री अकरानंतर सर्व्हिस लिफ्टनं खाली नेतात. वॉचमन सोडले तर बऱ्याच जणांना तो माहीतच नव्हता. त्याच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे राहून म्हणाले, "आमच्या वर कुत्रा आहे?"

मला फार बोलावं लागलंच नाही. ठराव पास झाला असता तर हा झोपलेला बाहेर गेला असता आणि १२ किलोंचा ब्राऊनी राहिला असता. वर, ठराव मुळात कायद्यानंही टिकणारा नव्हता. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना स्पष्ट आहेत: बहुमतानंसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लहान कुत्री चालतील, मोठी नाहीत असा भेदही करता येत नाही. सेक्रेटरींनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला.

याचा अर्थ ग्रेट डेन फ्लॅटसाठी उत्तम असा कुणी घेऊ नये, हेही मी तिथंच सांगितलं. कॅप्टनना ते आवडलं नाही. या जातीचं आयुष्य कमी, साधारण आठ-दहा वर्षं. छाती खोल असल्यामुळे पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका मोठा, आणि तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते. म्हातारपणी मागचे पाय गेले की हा ५८ किलोंचा जीव दिवसातून चार वेळा उचलायचा कुणी? आणि त्या दिवशी लिफ्ट बंद असेल तर? कॅप्टन म्हणाले, "मी आहे ना." कॅप्टन स्वतः सत्तरीकडे झुकलेत.

"ते सगळं ठीक," सेक्रेटरी म्हणाले, "पण यादीचं काय?"

यादी मी नेली नव्हती. माझ्याकडे प्रश्न होते, आणि त्यांचा उपयोग लगेच झाला, कारण सहाव्या मजल्यावरचं एक तरुण जोडपं हात वर करून उभं राहिलं. त्यांनी हस्की बुक केला होता, टोकन देऊन. निळ्या डोळ्यांचा. दोघांनाही नोमची गोष्ट तोंडपाठ होती: १९२५ साली अलास्कातल्या त्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या तुकड्यांनी बर्फातून हजार किलोमीटरहून जास्त अंतर पाच-सहा दिवसांत कापून औषध पोचवलं. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण ती ऐकून मनात जे यायला हवं, ते त्यांच्या आलं नव्हतं. हजार किलोमीटर धावणाऱ्यांचा वंशज दोन बेडरूमच्या घरात दिवसभर काय करणार? सायबेरियाच्या टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी लांब पल्ल्यावर गाडी ओढायला ही जात घडवली. आत लोकरीसारखा दाट थर, वर लांब केस.

"एसी चोवीस तास चालू ठेवू," नवरा म्हणाला.

"आणि फिरायला?"

"केस कापून टाकू."

केस भादरून भागत नाही. ते उन्हापासूनही कातडी वाचवतात, आणि एकदा काढले की पहिल्यासारखे येतीलच असं नाही. खरी गोम वेगळीच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जीभ आणि श्वासनलिका ओली ठेवून, पाणी वाफेनं घालवून थंड होतो. ठाण्याच्या मे महिन्यात हवाच इतकी दमट की वाफ जायला जागा नसते. नागपूरचं ऊन आकड्यानं जास्त असेल, पण इथल्या दमट हवेत चाळीस मिनिटं चालवलेला कुत्रा मी टेबलावर १०७ तापानं आलेला पाहिलाय. १०१-१०२ हे त्यांचं नेहमीचं.

"शिवाय हस्की भुंकतो कमी," मी पुढे म्हटलं, "गळा जास्त काढतो."

तिसऱ्या रांगेतून काकूंनी वळून त्या जोडप्याकडे असं पाहिलं की दोघं खालीच बसली.

त्यांना मी दिवसाचं वेळापत्रक विचारलं. साडेआठला निघणं, साडेसातला येणं. म्हणजे अकरा तास घर रिकामं. अशा घरात मी कुठल्याच जातीचं पिल्लू सुचवत नाही. चार महिन्यांपर्यंत दर दोन-तीन तासांनी शू, दिवसातून तीन-चार वेळा खाणं, लसी पूर्ण होईपर्यंत जपणं, आणि त्याच दिवसांत माणसं, लिफ्ट, प्रेशर कुकर, फटाके सगळ्याची ओळख करून देणं. मग बायकोनं विचारलं, पिल्लू किती दिवसांचं देतात? चाळीस दिवसांचं देणार होते. केंद्राच्या २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. त्यांनी ना नोंदणी पाहिली होती, ना पिल्लाची आई. व्हॉट्सअॅपवर फोटो पाहिला होता.

त्यांना मी दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला गावठी कुत्रा पाहायला सांगितला, तोही दुपारी फिरवणारं माणूस आधी ठरवून. आपल्या हवेला तो पिढ्यानपिढ्या सरावलेला आहे. पण तोही राखणदार आहे, कॉरिडॉरमधल्या प्रत्येक पावलाला आवाज देऊ शकतो. दत्तक देणाऱ्यांना तेवढंच आधी विचारा. बायकोनं लिहून घेतलं. नवरा टोकनचा हिशेब करत होता.

ब्राऊनीचं पुढे काय झालं ते सांगते. सकाळचं पंधरा मिनिटांचं घाईचं फिरणं थांबवून चाळीस मिनिटं केली, आणि अंतरासाठी नाही, वासासाठी. प्रत्येक खांब त्याला हुंगू द्यायचा. नाश्ता वाटीत न देता घरभर लपवून ठेवायचा. चावी उचलून पुन्हा बसायचं, दारापर्यंत जाऊन परत यायचं, मग दोन मिनिटं बाहेर, मग पाच. दुपारी एक कॉलेजचा मुलगा पैसे देऊन ठेवला. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा ऑनलाइन मिळतो, तो मी घेऊ दिला नाही. घाबरून हाक मारणाऱ्याला वर आणखी झटका कशाला? आता सकाळी अर्धा-पाऊण तास आवाज येतो, मग तो झोपतो. काका हळूहळू जिना चढायला लागलेत. काकू मला खाली भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "कमी झालंय, पण रडतोच ना." त्यांचंही खरं आहे.

मीटिंग संपल्यावर सेक्रेटरी गेटपर्यंत सोडायला आले आणि बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, खासगीतलं विचारतो. नातवाला पग हवाय. तो मोबाइलच्या जाहिरातीतला. तो तर लहान असतो, गळाही काढत नसेल."

पग गळा काढत नाही. त्याचं नाक इतकं आत दाबलेलं असतं की नुसता श्वास घेतानाही घरघर येते, आणि धापा टाकून थंड होण्याचं जे गणित मी तासाभरापूर्वी सांगितलं होतं ते त्याच्या बाबतीत सगळ्यात लवकर कोलमडतं. त्या जाहिरातीनंतर, २००३च्या पुढे, किती घरांनी तो घेतला आणि किती उन्हाळ्यांत आम्ही त्यांना ऑक्सिजन लावला. हे सगळं मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"मग काय घेऊ?"

"दिवसा घरी कोण असतं?"

"मुलगा-सून कामाला, नातू शाळेत. मीच असतो."

"मग कुत्रा तुमचाच होणार. तुम्हाला कुठला आवडतो?"

ते जरा घुटमळले. क्लब हाउसच्या दारातून कॅप्टन आणि बंडू बाहेर येत होते. सेक्रेटरी माझ्या मागच्या बाजूला सरकले.

"मला? मला कुत्र्यांची भीती वाटते हो."

नातवाला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण अजून तरी त्यांच्या घरून लसीसाठी कुणी आलेलं नाही.