हातघडणीची सुरी: नक्षी मागाहून, आधी धारेमागची जाडी

हाताने घडवलेली सुरी दिसली की नजर आधी पात्यावरच्या लहरींवर जाते. दमास्कसची, म्हणजे पोलादाचे थर एकत्र घडवून उठणारी, नक्षी देखणी असते, यात वाद नाही; पण कांदा नक्षीने कापला जात नाही. त्यात स्वस्तातल्या अनेक पात्यांवर थर नसतातच, नुसती वरवर उठवलेली चित्रं असतात. बारीक पॉलिश पेपरने कोपरा घासला की ती कायमची जातात. खऱ्या थरांची नक्षीही घासल्यावर फिकी पडते, पण पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की पुन्हा उठते. ऑर्डर देऊन सुरी करून घ्यायची असेल, तर पैसे मोजायचे ते धारेमागच्या जाडीचे आणि पोलादाला दिलेल्या पाण्याचे, म्हणजे तापवून, बुडवून ते कडक करण्याचे.

जाडीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या लोहारकामात बहुतेक सुऱ्या इथेच मार खातात. घरच्या ओट्यावरच्या कामासाठी सात इंची, म्हणजे साधारण १८० मिलीमीटरचं पातं आणि ४५ मिलीमीटर रुंदी पुरते. एवढी रुंदी असली की बोटांची पेरं पाटावर आपटत नाहीत. पाठ मुठीजवळ २.५ ते ३ मिलीमीटर असावी आणि टोकाकडे निमुळती होत दीड मिलीमीटरच्या खाली यावी. खरी गोम धारेच्या वर आहे. धार लावण्याआधी त्या जागी पातं ०.३ मिलीमीटरच्या आसपास उरलं पाहिजे. भाजीच्या सुरीला हे लोहार बरेचदा ०.८ ते १ मिलीमीटर ठेवतात, कारण त्यांचा हात कोयत्यावर आणि कुऱ्हाडीवर बसलेला असतो. तिथे ती जाडी लागतेच. अशा सुरीला कितीही धार लावा, ती कागद कापेल पण गाजर फोडेल. तपासायची रीत सोपी आहे. जाड गाजर आडवं ठेवून मधोमध सावकाश दाबत कापा. पातं अर्ध्यावर असतानाच ‘कट्’ आवाज होऊन पुढचा भाग आपोआप तडकला, तर धारेमागे जाडी जास्त आहे. व्हर्निअर कॅलिपर असेल तर धारेच्या पाच मिलीमीटर वर मोजा. तिथे पाऊण मिलीमीटरच्या आत आकडा आला की समाधान मानायला हरकत नाही.

आता पोलाद. नागपुरात ट्रकच्या कमानीचे (लीफ स्प्रिंगचे) पट्टे काही दुर्मिळ नाहीत. शहराला लागून असलेल्या वाडीकडे ट्रकची वर्दळ एवढी की जुन्या पट्ट्यांना तोटा नसावा. कमानीचं पोलाद बहुधा ईएन-४५ किंवा त्याच्या जवळपासचं असतं, कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. चिवट, स्वस्त आणि चुका पोटात घालणारं. जुन्या पट्ट्यात एक धोका मात्र असतो: वर्षानुवर्षं वाकून-उठून त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे पडलेले असू शकतात, ते पाणी देताना उघडतात. कारागीर नवा पट्टा वापरतो का, हे विचारायला लाजू नये. बेअरिंगचं ईएन-३१ यात कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम दीड टक्का. धार जास्त टिकते, पण भट्टीत तापमान सांभाळावं लागतं. चकचकीत स्टीलची सुरी कोणी ‘हॅन्डमेड’ म्हणून दाखवली तर चुंबक लावून बघा. भांड्यांचं ३०४ स्टील तापवून कडक होतच नाही आणि चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. चिकटलं म्हणजे सुरी चांगलीच, असं मात्र समजू नका.

जाता जाता, नागपूरच्या आसपास लोखंडाचं काम काही कालपरवाचं नाही. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडच्या उत्खननात महापाषाणकाळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे.

पाणी देणं हा सुरीचा प्राण. पातं लाल तापवलं की साधारण ७७० अंशांना चुंबक त्याला धरेनासं होतं. तिथून आणखी ५० ते ८० अंश वर न्यायचं, क्षणभर स्थिर ठेवायचं आणि तेलात बुडवायचं. तेल थंड नको. ५० ते ६० अंश असावं, म्हणजे ते पातळ होऊन पात्याभोवती पटकन फिरतं. रंग पाहून तापमान ओळखणारा कारागीर काम सावलीत, अंधाऱ्या शेडमध्ये करतो, त्यामागे कारण आहे. मे महिन्याच्या उजेडात तापलेलं पातं आहे त्यापेक्षा थंड वाटतं, माणूस ते आणखी तापवतो आणि पोलादाचे कण मोठे होतात. असं पातं कडक होतं, पण ठिसूळ. कारागिराकडे तुटका तुकडा असेल तर तो मागून घ्या आणि बघा: मोडलेली कड करडी आणि मऊसर दिसली तर उत्तम, साखरेच्या खड्यांसारखी चमकली तर पोलाद जळलं.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं असतं, हातून पडलं तर दोन तुकडे. म्हणून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो: २०० अंशांना दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घरच्या ओटीजीतही हे जमतं, फक्त आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओटीजीची चावी वीस-तीस अंश सहज खोटं बोलते. कमानीचं पोलाद यानंतर रॉकवेल सी या कडकपणाच्या मापात ५७च्या आसपास बसतं, भाजीच्या सुरीला भरपूर. कसबी लोहार ओटीजीशिवायही हे साधतो. फक्त धारेकडचा भाग बुडवतो, बाहेर काढून विटेवर घासून चमकवतो आणि पाठीतली उष्णता खाली उतरताना बघत राहतो. फिकट पिवळा रंग धारेपर्यंत पोचला की पुन्हा बुडवायचं. जांभळा-निळा येईपर्यंत थांबला तर धार मऊ पडली. बघण्यासारखं काम आहे. मात्र कमानीच्या पट्ट्याला नुसत्या पाण्यात बुडवणाऱ्याकडून सुरी घेऊ नका. तडा तिथेच जातो.

कडकपणा बघायला धारेवर कानस फिरवतात. कानस घसरली तर कडक, चावली तर मऊ. पण कोळशाच्या भट्टीत पात्याच्या वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून जातो, त्यामुळे चांगल्या पात्यावरही कानस पहिल्यांदा चावते. थोडं घासून आतल्या धातूवर पुन्हा बघावं. नव्या सुरीची धार पहिल्या दोन-तीन वेळा लवकर गेली आणि नंतर टिकायला लागली, तर त्याचं कारणही बहुतेक हेच.

मुठीबद्दल थोडक्यात. शिसव किंवा जुनं सागवान, मुठीतून आरपार गेलेलं पात्याचं लोखंड, पितळी रिव्हेट आणि मध्ये इपॉक्सी. पावसाळ्यात बसवलेलं लाकूड आपल्या उन्हाळ्यात आकसतं आणि लोखंडाची कड तळव्याला टोचू लागते. म्हणून मूठ शक्यतो कोरड्या दिवसांत बसवून घ्यावी आणि वर्षातून दोनदा कच्चं जवसाचं तेल पातळ चोळून, उरलेलं पुसून टाकावं. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून फेकू नका. सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

कार्बन पोलाद आणि संत्री यांचं जमत नाही. कापलेली फोड पाच मिनिटं पात्याला चिकटून राहिली तर काळा डाग पडतो, फोडीलाही लोखंडाची चव येते. लिंबू, कैरी, टमाटर यांचंही तेच. करडा-निळसर थर चढला तर तो राहू द्या, तो गंज थोपवतो; तांबूस दिसला की लगेच घासा. सांबार (कोथिंबीर) चिरून झालं की धुऊन, पुसून, कोरडी ठेवायची. बाजूला ठेवायची असेल तर शेंगदाणा तेल लावू नका, ते चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. आणि सावजी मटणाची हाडं या सुरीने तोडायची नाहीत, त्यासाठी सत्तूर आहे.

धार लावायला १००० ग्रिटचा दगड पुरे. ४५ मिलीमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून ११-१२ मिलीमीटर उचलली की प्रत्येक बाजूला १५ अंश मिळतात. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर, म्हणजे धारेवर वळून आलेली धातूची बारीक कोर, बोटाला जाणवली की मगच बाजू बदला. रस्त्यावरच्या कोरड्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडताना धार निळी पडली तर तेवढा भाग मऊ झाला, आणि तो घासून काढल्याशिवाय सुरी पूर्वीसारखी चालत नाही.