चंद्र पडतोच आहे

चंद्र खाली का पडत नाही, हे तुम्हीच विचारलंत असं नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले की जुने विद्यार्थी भेटतात, आकाशाकडं बोट दाखवून विचारतात, "बाई, चंद्र खाली का पडत नाही?"

पडतोय की! सरळ रेषा सोडून दर सेकंदाला साधारण १.४ मिलिमीटर पृथ्वीकडं. पण तेवढ्यात तो एक किलोमीटर पुढंही गेलेला असतो.

बाहेर ओढणारं बल गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतं, हे पाठ उत्तर मला कधीच पटलं नाही. चंद्रावरची बलं खरंच तोलली गेली असती, तर तो वळलाच नसता. शाळूच्या राखणीला ज्यांनी गोफण फिरवलीय, त्यांच्या हाताला हे ठाऊक असतं. दोरी धोंड्याला आतच ओढत असते. टोक सोडलं की धोंडा ज्या दिशेनं चालला होता, त्याच दिशेनं सुटतो.

न्यूटननं उंच डोंगरावरच्या तोफेची कल्पना केली होती. वर्गात मी पन्हाळा घ्यायचे. हवा नाही असं धरा. गोळा आडवा कितीही जोरात उडवा, पहिल्या सेकंदात तो सुमारे ५ मीटर खाली येणारच. पण पृथ्वी गोल आहे. ८ किलोमीटर पुढं गेलं की जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून सेकंदाला ८ किलोमीटर वेगानं सुटलेला गोळा पडतच राहतो, जमीन काही त्याला भेटत नाही. अडवायला हवा नसली की हे असंच चालू राहतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, तिथंही विरळ हवा लागते, म्हणून त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं.

मग पुढचा प्रश्न ठरलेला. अणूतला इलेक्ट्रॉनही असाच फिरतो ना?

नाही. विद्युतभार असलेला कण असा गोल फिरला, तर प्रकाश फेकत ऊर्जा गमावतो. त्या हिशेबानं इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आतच केंद्रकात कोसळायला हवा. नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञानं १९१३ साली ठरावीक कक्षांची तोड काढली. १९२६ साली श्रोडिंगरनं इलेक्ट्रॉनची लाट मांडली, तेव्हा त्या कक्षाही गेल्या. लाट जितक्या कमी जागेत कोंडाल, तितकी तिची ऊर्जा वाढते. केंद्रक आत ओढतं, कोंडलेली लाट पसरू पाहते, आणि एकूण ऊर्जा जिथं सगळ्यांत कमी भरते, तिथं अणूचा आकार ठरतो.

प्रदर्शनासाठी तारेच्या कड्यांत मणी ओवून अणू करून आणणाऱ्या मुलींना मी सांगायचे, हे सूर्यमाला म्हणून ठेवा. अणूसाठी कापूस पिंजून आणा.